कृष्ण ऊर्जेचे सिद्धांत कागदावरच बाद होतात ते कसे?

प्रश्न : विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होण्यामागे कृष्ण ऊर्जा आहे, की अतिदूर अंतरांवर गुरुत्वाकर्षणाचे नियमच वेगळे आहेत, याचा निवाडा दुर्बिणी करतील अशी माझी समजूत होती. परंतु काही सिद्धांत केवळ ‘तात्त्विक सुसंगती’च्या कसोटीवर बाद ठरतात, असे वाचनात आले. निरीक्षणाविना हे कसे शक्य आहे?

उत्तर : १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून) हे वाढत्या वेगाचे प्रसरण लक्षात आल्यापासून त्याच्या स्पष्टीकरणासाठी असंख्य प्रतिमाने मांडली गेली. त्यांपैकी बहुतेकांत हवे तसे बदलता येणारे गुणांक असल्यामुळे ती निरीक्षणांशी सहज जुळवून घेता येतात. म्हणूनच त्यांचे गणित मुळात टिकते का, हे आधी पाहावे लागते.

सर्वांत साधे प्रतिमान एका अदिश क्षेत्राचे, म्हणजे अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला दिशा नसलेले केवळ एक मूल्य असणाऱ्या क्षेत्राचे आहे. त्याची ऊर्जाघनता म्हणजे गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज, तर दाब म्हणजे गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा केल्यावर उरते ती राशी. ऊर्जाघनता धन असताना दाब आणि घनता यांचे गुणोत्तर उणे १ च्या खाली न्यायचे, तर गतिज ऊर्जा ऋण मानावी लागते. अशा ‘घोस्ट’ क्षेत्राचे ऋण ऊर्जेचे कण आणि नेहमीचे कण, एकूण ऊर्जेचा हिशेब शून्यच ठेवून, निर्वातातून जोडीने निर्माण होत राहतील आणि निर्वात स्थिर राहणार नाही. दीर्घिकांचे नकाशे तयार करणाऱ्या ‘डेसी’ प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या निष्कर्षांत हे गुणोत्तर पूर्वी उणे १ च्या खाली असावे असा कल दिसल्याने या अटीला पुन्हा महत्त्व आले आहे. मात्र त्यावरून साधे क्षेत्र अपुरे पडते, एवढेच म्हणता येईल. क्षेत्राची गुरुत्वाकर्षणाशी थेट सांगड घातली, तर घोस्टशिवायही ती मर्यादा ओलांडता येते.

अशा सिद्धांतांना आणखी एक अट पाळावी लागते : क्षेत्रातील तरंगांच्या वेगाचा वर्ग ऋण असता कामा नये, अन्यथा बारीकसारीक चढउतार बेसुमार वाढतात. याखेरीज, अतिउच्च ऊर्जेवरचा मूळ सिद्धांत ठाऊक नसला तरी तो कार्यकारणभाव पाळतो आणि त्यात संभाव्यतांची बेरीज एकच राहते, एवढे गृहीत धरल्यास काही गुणांकांची (धन-ऋण) चिन्हे ठरून जातात. ही युक्तिवादपद्धती मोठी देखणी आहे. तरीही तिचे काटेकोर पुरावे सपाट अवकाशकाळासाठी आहेत, प्रसरणशील विश्वासाठी नव्हेत, म्हणून मी तिला घोस्टच्या अटीइतके वजन देणार नाही.

निरीक्षणाने झालेल्या छाटणीमागेही गृहीतके असतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वीय लहरी आल्या आणि त्यांच्यामागून १.७ सेकंदांनी गॅमा किरण पोहोचले. दोहोंचे वेग जवळजवळ तंतोतंत समान ठरल्याने गुरुत्वाकर्षणाला अदिश क्षेत्राची जोड देणाऱ्या १९७४ च्या हॉर्नडेस्की सिद्धांताच्या, या लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा सांगणाऱ्या कित्येक शाखा छाटल्या गेल्या. परंतु त्या लहरींची वारंवारिता या सिद्धांतांच्या वैधतेच्या सीमेलगतची, म्हणजे जिच्यापलीकडे त्यांचे गणित लागू पडत नाही तिच्याजवळची आहे. तेथे मोजलेला वेग विश्वाच्या विशाल अंतरांवरही तोच असेल, असे गृहीत धरूनच ही छाटणी झालेली आहे. अवकाशात पाठवली जाणारी ‘लिसा’ वेधशाळा पुष्कळ कमी वारंवारितेच्या लहरी टिपणार असल्यामुळे हे गृहीतक तिच्या निरीक्षणांतून तपासता येईल.