सासूबाईंसाठी रोजचं डायपर: मोठं नको, मापाचं घ्या

तुमच्या प्रश्नातून समजलं ते असं. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, चालत्याफिरत्या आहेत, रोज सारसबागेपर्यंत जाऊन येतात. कळ आली की बाथरूमपर्यंत पोचेतो थोडी लघवी सुटते, शिंक-खोकल्यालाही सुटते. दुकानदाराने "सैल असलेलं बरं" म्हणून एक्स्ट्रा लार्ज टेपवालं डायपर दिलं. ते जांघेत घासतं, चालताना वाजतं, त्यात उकडतं आणि एवढं सोसूनही कडेने गळतंच. म्हणून त्यांनी बालगंधर्वला नाटकाला जाणं सोडलं आणि दुपारनंतर पाणी पिणंही.

पाण्याचं आधी बघा. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला झोंबते आणि कळ उलट लवकर-लवकर येते. वास वाढतो, जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी पोटात जायलाच हवं. त्यातलं बरंचसं सकाळी आणि दुपारी घ्यावं, झोपण्याआधीचे दोन तास हात आखडता ठेवावा. संध्याकाळचा दुसरा चहा बंद केला तर रात्रीची धावपळ पुष्कळदा कमी होते.

आता गळतीकडे येऊ. डायपर भरलं म्हणूनच गळतं असं नाही, पुष्कळदा ते अंगाला नीट बसलं नाही म्हणून गळतं. डायपरच्या आत दोन्ही बाजूंना उभी झालर असते. लघवी शोषायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ तिला आत अडवून धरणं हे त्या झालरीचं काम. ती जांघेच्या घडीत चिकटून बसली तरच बांध टिकतो. माप मोठं झालं की मांडीपाशी फट राहते, झालर आडवी पडते आणि मधली गादी अर्धी कोरडी असतानाच लघवी कडेने निसटते. वर तो जादा कागद-कापूस दोन मांड्यांमध्ये गोळा होऊन घासतो. म्हणजे त्यांचं घासणं आणि गळणं ही एकाच चुकीची दोन तोंडं आहेत. मोठं माप म्हणजे जास्त शोषण, हा समज दुकानात आणि घरात दोन्हीकडे पक्का बसलाय. प्रत्यक्षात मोठं माप म्हणजे फक्त मोठी कंबर.

माप घ्यायला शिंप्याची टेप घ्या. उभं राहून, श्वास न रोखता, आधी बेंबीच्या रेषेत आणि मग कुल्ल्यांच्या सर्वांत रुंद भागावरून माप घ्या. दोन्हींत जो आकडा मोठा असेल तो पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवा. साडीच्या किंवा ब्लाउजच्या मापावरून अंदाज बांधू नका. शिवाय एका कंपनीचं मीडियम म्हणजे दुसरीचं मीडियम नव्हे, त्यामुळे कंपनी बदलली की तक्ता पुन्हा वाचायचा. तक्त्यात दोन मापं एकमेकांवर चढलेली असतात. आकडा दोन्हींत बसत असेल आणि मांड्या बारीक असतील तर धाकटं माप घ्या, मांड्या भरलेल्या असतील तर थोरलं. घातल्यावर कंबरेपाशी दोन बोटं सहज जावीत आणि मांडीपाशी फट दिसू नये. काढल्यावर कातडीवर इलॅस्टिकची हलकी खूण पडते आणि अर्ध्या-पाऊण तासात जाते, त्याची काळजी नको. खोल लाल वळ राहत असेल तर मात्र माप लहान पडतंय.

प्रकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टेपवालं डायपर मुख्यतः अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी आणि ज्याचं दुसऱ्याला बदलावं लागतं त्याच्यासाठी. चालत्याफिरत्या माणसाला एकतर पॅन्टसारखं वर ओढायचं डायपर किंवा गळती थोडी असेल तर लघवीसाठी बनवलेलं पॅड. फ्रेंड्स, लाइफ्री या सहज मिळणाऱ्या नावांमध्येही पॅन्ट प्रकार आहे. तो चुरगळ्या इलॅस्टिकचा असल्याने बसता-उठताना अंगाबरोबर हलतो. आवाज येतो तो बाहेरच्या प्लॅस्टिकच्या थरामुळे. पाकीट घेण्याआधी दुकानात एखादा सुटा नग मिळाला तर बाहेरची बाजू दोन बोटांत चोळून पाहा. कॅरीबॅगसारखी चुरचुरली तर ठेवून द्या. कापडासारखी मऊ लागली तर ती बहुतेक हवा खेळणाऱ्या थराची असते, उकाड्यातही तीच बरी.

एक खुलासा इथेच. पाळीचं पॅड या कामाला चालत नाही. पाळीचा स्राव हळू आणि घट्ट असतो, लघवी एकदम आणि पातळ येते. लघवीच्या पॅडमध्ये ओलावा झटकन पसरवणारा थर आणि पाणी धरून ठेवणारी पूड जास्त असते.

पॅड की पॅन्ट, हे अंदाजाने नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठरवा. कोरड्या डायपरचं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. काढलेलं डायपर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुन्हा तोला आणि पिशवीचं वजन वजा करा. फरकातला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. तीन दिवस, दिवसाचं आणि रात्रीचं वेगळं लिहा. दर बदलाला ५०-६० मिलिलिटरच्या आत असेल तर पॅड पुरतं आणि अंगावर काही आहे असंही जाणवत नाही. १०० ते २५० असेल तर पॅन्ट. दिवसा पॅड आणि रात्री पॅन्ट अशी विभागणीही चालते. चोवीस तास एकच प्रकार वापरायला हवा असा काही नियम नाही.

पाकिटावर लिहिलेल्या क्षमतेवर विसंबू नका. क्षमता मोजायच्या प्रचलित पद्धतीत पूर्ण डायपर द्रवात बुडवून ते एकूण किती धरतं ते मोजतात. अंगावर असताना लघवी एकाच जागी पडते, बसल्यावर वजनाखाली गादी दाबली जाते, पुढचा-मागचा भाग कोरडाच राहतो. म्हणून छापलेल्या आकड्याचा अर्धा, किंवा त्याहूनही कमी, तेवढाच खरा धरून चाला.

घरी एक चाचणी करता येते. साधं पाणी ओतून पाहाल तर फसाल, कारण आतली पूड बिनमिठाच्या पाण्यात कितीतरी जास्त फुगते आणि कुठलंही डायपर उत्तम वाटतं. लघवीत क्षार असतात, तेव्हा पाणीही खारट हवं: १५० मिलिलिटर कोमट पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ. डायपर ताटात पसरा आणि पाणी मध्यभागी दहा-पंधरा सेकंदांत ओता. बायकांची लघवी मध्यभागी पडते, पुरुषांसाठी पाहत असाल तर पुढच्या भागावर ओता. पाणी तळ्यासारखं साचून कडेला धावतं का ते बघा. दोन मिनिटांनी कोरडा टिश्यू तळव्याने दाबा. टिश्यू नुसता दमट झाला तर ठीक, भिजला तर ते डायपर कातडी ओली ठेवणार. कळ येऊन सुटणाऱ्या लघवीला एकूण क्षमतेपेक्षा हा वेग महत्त्वाचा. दोन-तीन प्रकारांचे छोटे पुडे आणून ही परीक्षा घ्या आणि मगच मोठं पाकीट घ्या.

घालण्यात दोन-तीन चुका नेहमी होतात. पॅन्ट वर ओढली की काम संपत नाही. दोन्ही मांड्यांच्या कडेने आतून बोट फिरवून दुमडलेली झालर मोकळी करायची असते. हे न केल्याने नवं, मापाचं डायपरही गळतं. दुसरी चूक म्हणजे खात्रीसाठी एकावर एक दोन डायपर किंवा आत आणखी एक पॅड. आतल्याच्या मागे प्लॅस्टिक असतं, ते भरलं की लघवी बाहेरच्या डायपरात झिरपत नाही, थेट कडेने बाहेर येते. आत ठेवायचंच असेल तर खालून झिरपणारं बूस्टर पॅड वेगळं मिळतं. नुसतं पॅड वापरताना वर घट्ट बसणारी निकर हवी, सैल निकरमध्ये पॅड सरकतं. परकराची नाडी डायपरच्या इलॅस्टिकवर आवळू नका, किंचित वर बांधा. टेपवालं उरलेलं पाकीट वाया घालवू नका, रात्री वापरता येईल. लावण्याआधी ते लांबीत दुमडून मध्ये पन्हळ करा म्हणजे झालर उभी राहते. आधी खालच्या टेप किंचित वरच्या दिशेने, मग वरच्या टेप आडव्या लावा.

काढताना पॅन्ट खाली ओढत आणायची गरज नसते. दोन्ही कडांच्या शिवणी फाडायच्या आणि पुढून मागे काढायचं. शी झालेली असेल तर फाडणंच बरं, नाहीतर मांड्या माखतात आणि जंतू लघवीच्या जागेकडे जातात.

बाहेर जाताना एक गोष्ट कोणी सांगत नाही. पॅन्ट डायपर नवं चढवायचं तर सलवार किंवा लेगिंग पूर्ण उतरवावी लागते, चपला काढाव्या लागतात. नाट्यगृहाच्या किंवा एक्सप्रेसवेवरच्या ओल्या स्वच्छतागृहात ते फार अवघड जातं. साडीत तुलनेने सोपं. पंजाबी ड्रेस घालून जायचं असेल तर घरून घट्ट निकर आणि पॅड लावून निघावं, पॅड कपडे पूर्ण न उतरवता बदलता येतं. पिशवीत दोन पॅड, एक निकर, दोन अपारदर्शक पिशव्या आणि वर्तमानपत्राचा कागद एवढं पुरतं. निघण्याआधी आणि मध्यंतरात, कळ नसली तरी, लघवीला जाऊन यावं. लांबच्या गाडीप्रवासाला सीटवर ६० बाय ९० सेंटिमीटरचं अंडरपॅड (खाली अंथरायचं, ओलावा शोषणारं पॅड) टाकलं की मनावरचं ओझं उतरतं. घरीही दर दोन-तीन तासांनी घड्याळ बघून जाणं चालू ठेवा. डायपर आहे म्हणून बाथरूमला जाणं सोडू देऊ नका.

कातडीचं. ओलं जाणवलं की बदलायचं, शी झाली तर लगेच. "दहा तास चालतं" असं पाकिटावर असलं तरी एप्रिल-मेच्या पुण्यात लघवी झाली नाही तरी घामाने आतली कातडी मऊ पडते. दिवसा चार-सहा तासांनी बदल धरा. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, घासू नका, आणि पाच-दहा मिनिटं हवा लागू द्या. जंतुनाशक द्रव रोज पाण्यात घालू नका, कातडी कोरडी होऊन भेगाळते. पावडर घामात भिजून जांघेत गोळे धरते, तीही नको. झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलिन अगदी पातळ लावा. जाड थर डायपरच्या वरच्या जाळीत भरतो आणि शोषणच मंदावतं. घडीत लालभडक चट्टा, भोवती सुटे बारीक ठिपके आणि खाज असेल तर ती बहुधा बुरशी असते. मलमांचे घरगुती प्रयोग न करता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात पाकीट बाथरूममध्ये किंवा उघडं ठेवू नका. आतली पूड हवेतला ओलावा ओढते, गुठळ्या होतात, टेपची चिकटण कमी होते. घट्ट झाकणाचा डबा उत्तम.

खर्च नगावर नाही, दिवसावर मोजा. स्वस्त डायपर दिवसाला पाच लागत असतील आणि बरं डायपर तीन, तर महिन्याला १५० विरुद्ध ९० नग असा तो हिशेब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीचं पाकीट हातात आलं तर विचारा.

वापरलेलं डायपर कमोडमध्ये कधीच टाकू नका, पूड फुगून पाइप तुंबतो. शी असेल तर ती आधी कमोडमध्ये टाका, मग डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळा, वर्तमानपत्रात बांधा आणि पुडीवर लाल ठिपका काढा. ठिपका काढायची ही पद्धत पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंनीच मागितलेली आहे. ओल्या-सुक्यात न मिसळता पुडी त्यांच्या हातात वेगळी द्या. न उघडता कळावं, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

आणि हे सगळं सुरू असतानाच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा युरॉलॉजिस्टकडे एकदा घेऊन जा. वयच झालं म्हणून सोडून द्यायचं हे दुखणं नाही. शिंक-खोकल्याच्या गळतीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने तीन महिने केले तर पुष्कळ फरक पडतो, आणि अचानक येणाऱ्या कळेवर औषधंही आहेत. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगा, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. लघवीला जळजळ, ताप, रक्त, थेंब-थेंब सतत गळत राहणं किंवा पायात एकाएकी आलेली अशक्तता यातलं काहीही दिसलं, तर डायपरची निवड बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.