वडोदऱ्यात सोसायटीची गोल्फ कार्ट रस्त्यावर चालवता येते का?

नाही, सोसायटीची गोल्फ कार्ट नोंदणीशिवाय फाटकाबाहेर काढून, उदाहरणार्थ घरच्या आजोबांना शहरातल्या दांडिया बाजारापर्यंत, नेता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार सार्वजनिक जागी चालणाऱ्या मोटार वाहनाला नोंदणी लागते. शिवाय चालकाचा परवाना आणि विमा हवाच. केवळ बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेल्या गाड्या कायद्यातल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळल्या आहेत, म्हणून लक्ष्मी विलास पॅलेसच्या गोल्फ मैदानावरची कार्ट नंबर प्लेटशिवाय फिरू शकते. ‘बॅटरीवर चालते, वेगही कमी, मग पासिंग कशाला?’ असं विक्रेते सांगतात, ते ऐकू नका. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली सूट अगदी हलक्या वाहनांसाठी आहे, गोल्फ कार्टसाठी नाही. विनानोंदणी सापडल्यास पहिल्यांदाच ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण मला जास्त काळजी अपघातात विमा नसण्याची वाटते.

मात्र काही कंपन्या रस्त्यासाठी मान्यता घेतलेली मॉडेलं विकतात. तशी घ्यायची असेल तर आधी फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र) मागा आणि आरटीओत त्या मॉडेलची नोंदणी होते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.