बशी पालथी घाल

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. आजीचे जर्मन आजोबा चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढायचे का, आणि त्यांचा अमेरिकेला गेलेला भाऊ कुठे गेला, हे तुला शोधायचं आहे, तर ऐक. आजीच्या शोकेसमधली फुलांची बशी देखणी आहे, पण तू वरूनच फोटो काढलेस. पालथी घाल आणि बुडाचा पाठव. दोन निळ्या तलवारी एकमेकींना छेदताना दिसल्या, तरी आजीचे आजोबा जर्मनीतल्या माइसेनच्या चिनी मातीच्या कारखान्यातच होते असं धरून बसू नकोस. ही खूण तिथे १७२२ च्या सुमारास आली, आणि तिच्या नकला किती झाल्या याची गणती नाही. तलवारींवरून आडवी रेघ ओरखडलेली असेल तर तो दुय्यम किंवा कोरा विकलेला माल, रंग बाहेर कुणीतरी भरलेला असू शकतो. ड्रेस्डेनमध्ये कोरी भांडी आणून रंगवणारे बरेच होते. त्यांतल्या चौघांनी १८८३ मध्ये मुकुटाची खूण नोंदवून घेतली. आजोबा त्यांच्यापैकी कुणाकडे असले तर त्यात कमीपणा नाही, फक्त शोधायचं दप्तर बदलतं.

चित्रकाराचं नाव बशीवर बहुधा मिळत नाही. ते चर्चच्या वहीत मिळतं. जर्मनीभर सरकारी जन्मनोंद १८७६ पासून सुरू झाली, त्याआधीचं बहुतेक पाद्र्याच्या हातचं. लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. तुझ्या घरी मोडीचे कागद आहेत, तेव्हा तुला ती धास्ती नको. पहिले आठ दिवस सगळं सारखंच दिसतं. 'ए' आणि 'एन' तर जुळी भावंडं, दोन्ही म्हणजे दोन उभ्या रेघा. 'यू'वर मात्र एक आकडी असते, तिला धरून पुढे सरकायचं.

व्यवसायाचा रकाना पूर्ण वाच. नुसतं 'मालर' म्हणजे भिंती रंगवणाराही असतो. मी एकदा दोन महिने अशाच एका रंगाऱ्याच्या मागे होतो, त्याची मुलंसुद्धा पाठ झाली होती! 'पोर्त्सेलानमालर', म्हणजे चिनी मातीची भांडी रंगवणारा, असं लिहिलेलं दिसेपर्यंत वंशावळीत शाईने काही लिहू नकोस.

आणि एकट्या माणसाला शोधू नकोस. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या धर्ममातापित्यांची नावं असतात, बऱ्याचदा व्यवसायासकट. आपल्याकडे लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनीत'वरून सोयरीक कळते, तसंच हे. तिथे दुसरा चित्रकार, भट्टीवाला दिसला की आजोबांचं बिऱ्हाड कुणाच्या संगतीत होतं ते कळतं. अमेरिकेला गेलेल्या भावाचा माग मला तरी असाच लागेल असं वाटतं, कारण माणसं ओळखीच्या माणसाकडेच जातात.

त्या भावासाठी आधी हांबुर्गच्या जहाजयाद्या बघ. १८५० ते १९३४ च्या आहेत, गाव आणि व्यवसाय दोन्ही मिळतात. तो ब्रेमेनहून गेला असेल तर पंचाईत: तिथल्या जुन्या याद्या जागा नाही म्हणून रद्दीत काढल्या, उरलेल्या बहुतेक युद्धात गेल्या. मग अमेरिकेच्या बंदरावरची आगमनाची यादी. तिथल्या १९०० च्या जनगणनेत माणूस कोणत्या साली देशात आला तेही विचारलेलं आहे. आणि एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या आगमन-तपासणीच्या बेटावर, कारकुनाने आडनाव बदललं, ही घरोघरची गोष्ट सोडून दे. कारकुनापुढे जहाजाचीच यादी असायची, नाव बदललंच तर ते भावाने स्वतः, नंतर.

तसं घर सोडून जाणं या धंद्यात पहिल्यापासूनच. माइसेनचा कारखाना १७१० चा, आणि सात वर्षांत हुंगर नावाचा माणूस चिनी माती बनवण्याचं गुपित घेऊन व्हिएन्नाला पळाला. पुढे व्हेनिस, पुढे रशिया. त्याच्यामागून पळालेला श्ट्योल्त्सेल १७२० मध्ये परत आला, तो हेरोल्ड नावाच्या चित्रकाराला सोबत घेऊन. माइसेनच्या रंगकामाचं नाव झालं ते त्या हेरोल्डमुळे.

येत्या रविवारी आजीजवळ बस. अमेरिकेहून नाताळची कार्डं यायची का, एवढंच विचार. पाकिटं असतील तर तिकिटांसाठी कापू देऊ नकोस, पोस्टाच्या शिक्क्यात गाव असतं. आणि ती बशी गरम पाण्यात घासू नकोस, सोनेरी कड निघते.

तुझा,
काका