आधी अडलेला निर्णय शोध, मेथड नंतर

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. प्रोजेक्टसाठी फोरसाइट, म्हणजे पुढच्या शक्यतांचा पद्धतशीर विचार, शिकायचंय, कुठून सुरुवात करू आणि सगळ्यात चांगली मेथड कुठली, असं विचारलंयस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे तो डोक्यातून जाईल: सगळ्यात चांगली अशी कुठलीच नाही. मेथड नंतर ठरते, आधी तुझ्या प्रोजेक्टमध्ये कुणाचा कुठला निर्णय अडलाय ते शोधायचं.

आपल्या भाषेत एक अडचण आहे बघ. भविष्य म्हटलं की आपल्याला राशीभविष्यच आठवतं, म्हणजे कुणीतरी सांगणार आणि ते खरं होणार किंवा खोटं ठरणार. या विषयात मात्र फ्यूचर्स असं अनेकवचन मुद्दाम वापरतात, कारण पुढे काय होईल हे सांगायचंच नसतं, पुढे काय काय होऊ शकतं ते मांडून आजचा निर्णय त्या प्रत्येकात टिकतो का ते तपासायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

हे मला उशिरा कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही तीन महिने खपून चार सिनारिओ, म्हणजे पुढे काय होऊ शकतं याच्या चार वेगवेगळ्या गोष्टी, केले, चित्रं, गोष्टी, सगळं छान, सगळ्यांना आवडलं पण. सहा महिन्यांनी कळलं की आमचं काम चालू असतानाच त्यांनी एका मोठ्या इमारतीचा दहा वर्षांचा करार केला होता, आणि आमच्या चारपैकी तीन सिनारिओंमध्ये ती इमारत रिकामी पडत होती! त्यांनी सांगितलं नाही हे खरं, पण आम्हीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्या मीटिंगला मी एकच विचारते, येत्या वर्षभरात तुम्ही कशावर सही करणार आहात?

तुझा विषय लायब्ररीचा आहे ना, तर "2040 मध्ये लायब्ररी कशी असेल" हा प्रश्न घेऊ नकोस, त्यात माणूस वाहून जातो. "पुढच्या वर्षी नवीन कपाटं घ्यायची की ती जागा बसायला मोकळी ठेवायची" हा घे. कपाटं पंधरा वर्षं टिकणार असतील तर तुझा काळही पंधरा वर्षांचा. किती पुढचं बघायचं हे गोल आकडा बघून ठरवायचं नसतं, ज्या गोष्टीत आपण अडकणार आहोत तिचं आयुष्य किती त्यावरून ठरवायचं.

मग एक वही कर, किंवा शीट, काहीही चालेल. त्यात सिग्नल लिहायचे. ट्रेंड म्हणजे जे सगळ्यांना दिसतंय आणि मोजता येतंय, सिग्नल म्हणजे अजून एखाद्याच ठिकाणी दिसलेली छोटीशी विचित्र गोष्ट. अशा कमजोर सिग्नल्सकडे कंपन्यांनी लक्ष द्यावं असं मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या इगोर अॅन्सॉफने 1975 मध्येच लिहून ठेवलंय. तारीख, काय दिसलं, कुठे दिसलं आणि हे वाढलं तर काय, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक नोंदीत हव्यात. पंधरा दिवसांनी वही उघडलीस की बहुतेक नोंदी टेक्नॉलॉजीच्याच निघतील, सगळ्यांचं असंच होतं. मग मुद्दाम कायदे, पैसा, पर्यावरण, लोकांच्या सवयी इकडे बघायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त सापडतं ते सवयींमध्ये आणि सगळ्यात कमी लोक तिथेच बघतात.

आता फ्यूचर्स व्हील. जेरोम ग्लेनने 1971 मध्ये काढलेली पद्धत, कागद आणि पेन एवढंच लागतं. मध्ये एक बदल लिहायचा, समजा "सगळी पाठ्यपुस्तकं डिजिटल झाली". त्याच्याभोवती थेट परिणाम: कपाटं रिकामी होतात, लोक पुस्तक घ्यायला येत नाहीत. हे कुणीही सांगेल. दुसऱ्या रिंगमध्ये प्रत्येकाला विचारायचं, मग काय? कपाटं गेली तर जागा मोकळी, म्हणजे बसायला जास्त लोक, म्हणजे चार्जिंगचे पॉइंट कमी पडणार. आणि ज्यांच्याकडे डिव्हाइसच नाही ते कुठे जाणार? लायब्ररीतच! म्हणजे एकाच बदलामुळे काही लोक यायचे बंद होतात आणि काही पहिल्यांदाच यायला लागतात. तिसऱ्या रिंगमध्ये वायरिंग, रात्रीची वेळ, स्टाफचं काम पुस्तक शोधून देण्यावरून डिव्हाइस सांभाळण्यावर जाणं हे सगळं यायला लागतं. आता कपाटांच्या प्रश्नाकडे परत बघ, तो कपाटांचा राहिलेलाच नाही, वायरिंगचा झालाय. तिसऱ्या रिंगपर्यंत जायचा कंटाळा येतो, पण प्लीज जा, खरा माल तिथेच असतो.

सिनारिओबद्दल वाचायला घेतलंस की शेल या तेल कंपनीची गोष्ट पहिल्यांदा भेटेल, की 1973 मध्ये तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले आणि शेल त्यासाठी इतरांपेक्षा तयार होती. लोक ती भाकीत खरं ठरल्याची गोष्ट म्हणून सांगतात, तसं वाचू नकोस. तिथल्या पिएर वॅकच्या टीमने तेल विकणाऱ्या देशांच्या जागी बसून विचार केला, की मिळालेला पैसा खर्च करायलाच वाव नसेल तर हे देश जास्त तेल कशाला काढतील? हा प्रश्न मॅनेजर लोकांच्या मनात आधीच पेरलेला होता म्हणून धक्का बसल्यावर ते गोंधळले कमी. त्यामुळे तुझ्या सिनारिओमध्येही दुसऱ्या बाजूच्या माणसाला अक्कल असू दे, त्याचंही काही गणित असतं.

मला स्वतःला मॉन्ट फ्लूर नावाच्या सिनारिओंचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. दक्षिण आफ्रिकेत 1991-92 मध्ये, वर्णभेदी राजवट संपत येताना, वेगवेगळ्या गटांतली 22 माणसं एकत्र बसली आणि देशाचं पुढे काय होऊ शकतं याच्या चार गोष्टी त्यांनी तयार केल्या. शहामृग, लंगडं बदक, इकारस आणि फ्लेमिंगो. इकारस हा ग्रीक कथेतला, सूर्याच्या फार जवळ उडून खाली कोसळलेला मुलगा; इथे म्हणजे नवं सरकार येतं, लोकांना खूश करायला झेपणार नाही इतका खर्च करतं आणि अर्थव्यवस्था कोसळते. ज्यांचं सरकार येणार होतं त्यांच्याच बाजूची माणसं ही गोष्ट तयार करायला बसलेली होती हे लक्षात घे, बाहेरच्या कुणी हेच सुनावलं असतं तर भांडण झालं असतं. आणि नावं बघ किती लहान, एक शब्द म्हटला की अख्खी गोष्ट आठवते. तुझ्या सिनारिओंना "सिनारिओ अ, ब" अशी नावं देऊ नकोस.

दोन अनिश्चित गोष्टी आडव्या-उभ्या अक्षांवर मांडून, त्या चौकोनाच्या चार घरांतून चार सिनारिओ काढणार असशील तर अक्षावर खरंच अनिश्चित असलेलीच गोष्ट घे. लोकसंख्येचं वय वाढणं वगैरे जे बऱ्यापैकी ठरलेलं आहे ते चारही घरांत जातं. आणि दोन अक्ष एकमेकांना बांधलेले नसावेत, नाहीतर दोन घरं उगाच ओढूनताणून भरावी लागतात. वेळ कमी असेल तर याच विषयातल्या जिम डेटरचे चार साचे घे: वाढ चालूच राहते, सगळं कोसळतं, मर्यादा घालून जगावं लागतं, किंवा सगळं मुळापासून बदलतं.

डेल्फीबद्दल थोडक्यात. नाव न सांगता तज्ज्ञांची मतं घ्यायची, सगळ्यांची मतं सगळ्यांना दाखवायची, परत विचारायचं, अशा फेऱ्या. 1950 च्या दशकात रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत हेल्मर आणि डाल्की यांनी हे केलं. एकदाच गुगल फॉर्म पाठवून त्याला डेल्फी म्हणायचं नाही, परीक्षकांनी पकडलं तर वाईट वाटेल.

शेवटचा टप्पा लोक विसरतात आणि माझा सगळा जीव त्याच्यातच आहे. सिनारिओ झाले की तुझा निर्णय उचलून एकेका घरात ठेवून बघ. कपाटं घेतली तर प्रत्येक घरात काय होतं, नाही घेतली तर काय होतं. चाकं असलेली कपाटं घेतली तर? असा तिसरा पर्याय सुचला ना की समज काम जमतंय. आणि कुठलं घर खरं व्हायला लागलंय हे कशावरून कळेल अशा दोन-तीन खुणा लिहून ठेव, म्हणजे तुझी ती वही प्रोजेक्ट संपल्यावरही कुणीतरी चालू ठेवेल.

रविवारपर्यंत बाकी काही वाचू नकोस. लायब्ररीच्या माणसांशी बोल, त्यांचा कुठला निर्णय अडलाय तो एका वाक्यात लिहून मला पाठव, आणि त्यावर सही कोण करणार तेही.

तुझी,
ताई