वाचकांचे प्रश्न : बँड सुटल्यानंतरचं घरचं रेकॉर्डिंग

प्रश्न : बरीच वर्षं वाद्यवृंदात गिटार वाजवली. आता स्वतःची गाणी घरी एकट्याने रेकॉर्ड करतो. क्लिक (कानात वाजणारी तालाची एकसारखी टिकटिक) लावून एकेक वाद्य वाजवतो, चुकत काहीच नाही, तरी गाण्यात जीव वाटत नाही. काय बिघडतंय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वाद्यवृंदात तुम्ही ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघून वाजवत होता. अंतऱ्याला तो जरा रेटायचा, मुखड्यावर येताना सम किंचित रोखून धरायचा. क्लिक यातलं काही करत नाही, म्हणून सुरुवात क्लिकपासून करू नका. आधी गिटार घेऊन गाणं सलग गा, मोबाइलवर टेप करा आणि ते ऐकत टॅप टेम्पोने, म्हणजे प्रत्येक ठोक्याला बटण दाबत, गती मोजा. मुखडा मिनिटाला 84 ठोके आणि अंतरा 87 निघाला, तर सॉफ्टवेअरच्या टेम्पो ट्रॅकमध्ये (गाण्याची गती जिथे ठरवतात तिथे) त्या त्या जागी तेच आकडे टाका. मग या क्लिकवर गिटार आणि गळा कच्चा घ्या. हा नुसता आधार, शेवटी काढून टाकायचा. त्यावर आधी ठेका, मग बेस, मग खरी गिटार आणि सगळ्यात शेवटी गळा.

ठेका मुखड्यापासून शेवटच्या समेपर्यंत हातानेच वाजवा. चार आवर्तनं वाजवून तीच पुढे चिकटवली की गाणं तिथेच थिजतं. सलग तीन टेक घ्या, एक पाया माना आणि चुकलेली जागा तेवढी दुसऱ्यातून आणा.

सॉफ्टवेअरमधून स्वतःला ऐकत असाल, तर बफरही तपासा, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने (सँपल) साठवून पुढे पाठवतो तो आकडा. 48 किलोहर्ट्झला 128 सँपल म्हणजे एका दिशेने जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद, ते चालतं. 1024 वर तोच उशीर 21 मिलिसेकंदांवर जातो आणि नकळत हात अडखळायला लागतो. मोठा बफर मिक्सिंगसाठी ठेवा. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला अजिबात नको. बंद कपांचा, वायरचाच घ्या, म्हणजे क्लिक माइकमध्येही झिरपणार नाही.

शेवटी एकेक ट्रॅक बंद करून ऐका. ज्याची उणीव भासत नाही, तो काढाच. बँडमध्ये दुसरा वाजवतोय म्हणून आपण थांबायचो. एकटा माणूस प्रत्येक रिकामी जागा भरत सुटतो.

प्रश्न : पेटी आणि कीबोर्ड दोन्ही काळी दोनमध्ये वाजवते, तरी एकत्र ऐकताना सूर लहरतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : कीबोर्डचा ‘ए’ 440 हर्ट्झवर असतो, पेटीचे सूर ती ज्याने लावली त्याच्या हातचे, आणि वापराने ते सरकतातही. पेटीचा सा दहा सेकंद एकसारख्या भात्यावर धरून ट्यूनरमध्ये बघा. भाता जोरात दाबला तर सूर किंचित उतरतो, म्हणून वाजवताना देता तेवढाच दाब द्या. समजा सूर 12 सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा निघाला, तर कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग तेवढंच चढवा आणि गिटारच्या ट्यूनरचा ‘ए’ 443 वर घ्या. पेटीला हात लावायचा नाही. रेकॉर्ड झालेली पेटी सॉफ्टवेअरने ओढली, तर तिचा आवाज खरवडल्यासारखा होतो. ग आणि प हेसुद्धा तपासा. एखादाच सूर वेगळा निघाला तर ते काम पेटी दुरुस्त करणाऱ्याचं. माइक वरून, हात-दीड हातावर आणि भात्यापासून लांब धरा, नाहीतर हवेचा फुसकारा आणि पट्ट्यांची टकटक आधी येते.

प्रश्न : बँडमध्ये असताना बसवलेली चाल आता एकट्याने काढू शकतो का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : चाल कोणी केली, यावर ते ठरतं. भारतीय कायद्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. चाल तुमची एकट्याची असेल आणि हक्क कुणाला लिहून दिले नसतील, तर नव्याने रेकॉर्ड करा. पण जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा त्यात घेऊ नका. शब्द दुसऱ्याचे असतील तर त्याची लेखी परवानगी लागेल. दोघांनी मिळून चाल केली असेल, तर जोडीदाराची लेखी संमती घ्या आणि वाटा टक्क्यांत लिहून दोघांनी सह्या करा. आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत) गाणं नोंदवताना हेच आकडे लागतात.