बजेट पाळायला गेमसारखे पॉइंट वगैरे ठेवले तर सवय खरंच लागते का?

पगार वीस तारखेच्या आत संपतो आणि खर्च लिहायचा कंटाळा येतो, म्हणून याचा खेळ केला तर जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमतं. फक्त पॉइंट कशाला द्यायचे ते आधी ठरवा.

बरेच जण वाचलेल्या रकमेला पॉइंट देतात. मग सिलिंडर, शाळेची फी आणि कुणाचं तरी लग्न एकाच महिन्यात आलं की काही चूक नसताना तुम्ही हरता. असं दोनदा झालं की माणूस खेळच सोडतो. त्यापेक्षा लिहिण्याला पॉइंट द्या. रात्री झोपायच्या आधी दिवसाचा खर्च लिहिला की एक पॉइंट, मग खर्च चारशे असो नाहीतर चार हजार.

आमच्याकडे असाच आणखी एक खेळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चालतो. दुधाचे खाडे मांडतो त्याच चौकटीत, बाहेरून काही मागवलं नाही त्या दिवशी हिरवी फुली. दहा फुल्यांचं लक्ष्य, पण दोन आधीच मारून ठेवतो. ही युक्ती नुनेस आणि ड्रेझ या संशोधकांच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून उचलली. त्यांनी कार धुऊन देणाऱ्या एका ठिकाणी गिऱ्हाइकांना कार्डं वाटली, काहींना आठ शिक्क्यांचं कोरं, काहींना दहाचं पण दोन शिक्के आधीच मारलेलं. आठच फेऱ्या दोघांनाही मारायच्या होत्या, तरी कोरं कार्ड 19 टक्के लोकांनी भरलं आणि दुसरं 34 टक्के लोकांनी. सुरुवात झालेली दिसली की पुढे ढकलायला बळ येतं.

महिन्यात दोन दिवस माफ ठेवा. नाहीतर एक दिवस चुकला की ‘आता गेलंच’ म्हणून उरलेला महिना हातचा जातो.

आणि हेच डाव उलटेही टाकले जातात, तिकडे लक्ष असू द्या. 2019 च्या दिवाळीत गूगल पेवर ‘रंगोली’चा स्टॅम्प मिळवायला लोक ओळखीपाळखीच्यांना मेसेज करत होते. पाचही स्टॅम्प जमले की 251 रुपये. तिथे व्यवहार केला की स्टॅम्प मिळायचा. तुमच्या खेळात पॉइंट खर्च लिहिल्याबद्दल किंवा खर्च करायचं थांबल्याबद्दल मिळायला हवा. म्हणून निदान स्क्रॅच कार्डांची नोटिफिकेशनं बंद करा.

घरात दोघं कमावते असाल तर स्कोअर दोघांचा मिळून एकच ठेवा. एकमेकांत चढाओढ लावली की खर्च लपवायला सुरुवात होते.