डेटा कधी पाठवायचा हे मोबाइलला स्वतः ठरवता येतं का?

फोरजी-फाइव्हजीत बहुतांशी नाही, तिथे टॉवर ठरवतो. तुम्ही फोटो पाठवलात की फोन आधी 'मला पाठवायचंय' एवढाच इशारा देतो. टॉवर रेडिओलहरींवर थोडी जागा देतो, फोन त्यात बफरमध्ये (पाठवायचा डेटा तात्पुरता थांबतो त्या साठ्यात) किती डेटा साचलाय ते कळवतो आणि मग खरी परवानगी मिळते. मोठ्या फाइलला हा उशीर जाणवत नाही. पण कारखान्यातल्या रोबोटला दर काही मिलिसेकंदांनी छोटासा संदेश पाठवायचा असेल, तर ही विचारपूस परवडत नाही.

म्हणून फाइव्हजीत 'कॉन्फिगर्ड ग्रँट' आहे: ठरावीक जागा आधीच राखून ठेवतात, डेटा आला की उपकरण न विचारता पाठवतं. मिळालेल्या जागेत कुठला डेटा आधी भरायचा हेही फोनच बघतो, मात्र नेटवर्कने दिलेल्या प्राधान्यक्रमानुसार. फोन तापला तर वेग कमी करा अशी विनंतीही तो करू शकतो.

सर्वांत जास्त मोकळीक एकमेकींना थेट संदेश पाठवणाऱ्या गाड्यांना आहे. थ्रीजीपीपी या मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या रिलीज 14 या आवृत्तीतल्या 'मोड 4' मध्ये गाडी आधीच्या 1 सेकंदातली रेडिओसंदेशांची वर्दळ ऐकून मोकळी जागा स्वतः निवडते. टॉवर नसलेल्या घाटातही शेजारच्या गाडीला इशारा जायलाच हवा, त्यामुळे मला हे योग्यच वाटतं.

सगळ्याच फोनना अशी मुभा दिली तर गर्दीत संदेश एकमेकांवर आदळतील. वायफायमध्ये हे होतंच, आणि वायफाय 6 ने उलट राउटरच्या हाती जास्त नियंत्रण दिलंय.